दोरीच्या त्या टोकाला

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बडोद्यालाच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, आणि वीस वर्षं शाळेत सायन्स शिकवते आहे. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी सरळ उठून जाते. तरीही हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते माझ्या हाताला लागलेलं आहे.

माझे बाबा दहावीनंतर नेव्हीत गेले. रत्नागिरीकडचे आम्ही. नेव्ही सुटल्यावर इथल्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आणि बडोद्याचेच झाले. एकाहत्तरच्या युद्धात ते रसद पुरवणाऱ्या जहाजावर होते. तोफा नाहीत, नावलौकिक नाही. लढाऊ जहाजांना तेल, पाणी, बटाटे, डाक द्यायची. "आम्ही म्हणजे समुद्रातले किराणावाले," असं ते हसत सांगत.

तेल देताना दोन जहाजं शेजारी शेजारी, एकाच वेगानं चालतात. मधे शंभर-सव्वाशे फूट पाणी. अंतर कळावं म्हणून एक दोरी ताणून धरतात, तिच्यावर ठरावीक अंतरावर रंगीत कापडं बांधलेली. बाबांचं काम ती दोरी धरायचं. नियम एकच — बांधायची नाही, हाताला गुंडाळायची नाही, नुसती धरायची. का, तर हुकूम आला की त्या क्षणी सोडता आली पाहिजे.

त्यांतल्या एका लढाऊ जहाजावर तिचं दुसरं टोक धरायला नेहमी एकच माणूस असे. काळी दाढी, डोक्याला पांढरा रुमाल. तासन् तास समोरासमोर उभे, पण लाटांच्या आवाजात बोलणं शक्य नाही. म्हणून दोघांत एक खूण आपोआप ठरून गेली होती. दोन हिसके म्हणजे "ठीक ना?" तिकडून दोन आले की "ठीक." काम संपलं, दोरी सोडायची वेळ आली, की पुन्हा तेच. निरोपाचे दोन.

एका दुपारी त्याच जहाजाला तेल देणं चालू असताना पाणबुडीचा संशय आला. हुकूम झाला — सोडा! बाबांनी सोडली. तळव्याची साल निघाली, तो वण अजून आहे. हिसके द्यायला वेळच नव्हता. ते जहाज वळून गेलं, आणि संध्याकाळच्या आत त्याच्यावर मारा झाला. जहाज वाचलं. काही माणसं गेली.

त्यांत तो होता का, हे बाबांना कधी कळलं नाही. नावच माहीत नव्हतं ना!

मी मोठी झाल्यावर त्याच्या शोधासाठी पत्रं लिहिली. कार्यालयं, माजी सैनिकांच्या संघटना... फाईल आहे माझ्याकडे. दोन-तीन जणांनी जुने फोटोसुद्धा पाठवले. बाबा भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "शंभर फुटांवरनं बघितलेला चेहरा गं. इतक्या जवळून कसा ओळखू?" तरी मी शाळेतून आले की पहिला प्रश्न ठरलेला — "काही आलं का?"

गेल्या उत्तरायणाची, म्हणजे इथल्या पतंगांच्या संक्रांतीची गोष्ट. आमची सोसायटी फतेगंजला, चार मजली. गच्चीच्या मागच्या बाजूला मोकळं मैदान, त्यापलीकडे लष्कराची हद्द. घर नाही, झाड नाही, खांब नाही. दुपारचे साडेतीन. त्या दिवशी वाराच पडलेला, पतंग कुणाचेच उठत नव्हते. खालच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई फिरकी टाकून चिक्की खात बसले होते.

"काका, पवन ज नथी! तमे दरियाना माणस, फूंक मारो ने जरा!"

"फुंक मारायला दात लागतात," बाबा म्हणाले. ते मागच्या कठड्याशी खुर्चीवर होते. आई उंधियूची भांडी आवरत होती. "अहो, उतरा आता. तुमचा समुद्र काही येत नाही इथं."

तेवढ्यात एक गुलाबी मांजा कठड्यावरून घसरत आला. कुणाचा तरी कापलेला असणार. बाबांनी हात घातला आणि धरला. मी ओरडले, "बाबा, हात कापेल!"

ते उठून उभे राहिले. गुडघ्यांमुळे एरवी त्यांना दोन माणसं लागतात. पाय फाकवून, कोपरं अंगाशी घेऊन ते उभे होते आणि मांजा ताणलेला होता. वर आभाळाकडे नाही, खाली मैदानाकडे नाही. सरळ समोर, गच्चीच्या उंचीला, आडवा. पाच-सात हात दिसत होता, पुढे उन्हात दिसेनासा होत होता.

"धर," ते मला म्हणाले. "गुंडाळू नकोस. नुसता धर."

मी त्यांच्या हातापुढे दोन बोटांत धरला. आणि हिसका आला. एक... दोन. स्पष्ट, माणसानं द्यावा तसा. मग थांबला. वाट बघितल्यासारखा.

बाबांनी दोन दिले.

तिकडून दोन आले.

मग त्यांनी पुन्हा दोन दिले, सावकाश, आणि मला म्हणाले, "सोड." दोघांनी सोडला. वारा नव्हता, म्हणजे मांजा खाली पडायला हवा होता. तो पडला नाही. थोडा पुढे गेला, थांबला, थोडा पुढे गेला, थांबला... हातामागून हात टाकत कुणी दोरी ओढून घ्यावी, तसा शेवटच्या टोकापर्यंत गेला.

"कोण छे त्यां?" जिग्नेशभाई कठड्याशी येऊन वाकून बघत होते. मैदानात कुणी नव्हतं. आई हातात पातेलं घेऊन तशीच उभी.

मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "बाबा, म्हणजे ते जिवंत आहेत की...?"

"दोन हिसक्यांत ते कुठं येतं," ते म्हणाले. "ठीक आहे, एवढंच येतं." मग तळव्यावरचा वण चोळत, "या वेळी सांगून सोडली."

दुसऱ्या दिवशी मी मैदानात जाऊन आले. चालून बघितलं, पावलं मोजली, गच्चीकडे मान वर करून बघितलं. खाली उभं राहून कुणी ओढला असता तर मांजा उतरता दिसला असता. पतंग असता तर चढता. दोरीत ताण आहे म्हणजे दुसऱ्या टोकाला बल आहे, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवते. चार मजले उंचीवर, रिकाम्या हवेत, ते बल कशाचं होतं? बोटावर कापल्याची बारीक रेघ तेवढी आहे.

बाबा आता पंचाहत्तरीला आले आहेत. परवा माझ्या एका जुन्या पत्राला उत्तर आलं, सोबत फोटो होता. मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी उघडलं नाही.

"फाईलला लाव," म्हणाले, आणि चहा मागितला.