नऊ लेखांवरचं पहिलं नाव

मीराबाई तांबे सातवी पास. वैद्यकीय मासिकांत छापलेल्या अकरा इंग्रजी लेखांवर त्यांचं नाव आहे आणि त्यातल्या नऊंवर ते सगळ्यांच्या आधी आहे. ते चुकून लागलेलं नाही. कामाने लागलं आहे.

त्यांचे यजमान शामराव गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रांवर होते. कापसाची धूळ छातीत घेऊन पंचावन्नाव्या वर्षी गेले. मीराबाई स्वतः सहा वर्षं वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामाला होत्या. संपात ते काम सुटलं. त्यानंतर पोळ्या लाटल्या, शिवण केलं, पडेल ते केलं. लालबागची खोली सोडली नाही.

चौदा वर्षांपूर्वी परळच्या एका संशोधन संस्थेत डॉ. कालिंदी करारावर लागल्या. गिरणी सुटून पंचवीस वर्षं झाल्यावर कामगाराच्या छातीत दम किती उरतो, हे त्यांना मोजायचं होतं. चाळीत अनोळखी बाईला कोणी दार उघडत नाही, म्हणून त्यांनी दोघी हाताशी घेतल्या. एक मीराबाई. दुसरी सेसिलिया, दादरची, बाप गिरणीत फिटर होता.

कामाला हातभर नळी होती, तिच्यावर काटा. माणसाने उभं राहायचं, छाती भरून घ्यायची, ओठ नळीवर घट्ट लावायचे आणि एका दमात फुंकायचं. तीनदा फुंकायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. दरवर्षी तीच माणसं, तीच दारं. ऐकायला सोपं आहे. पण म्हातारा पहिल्या फुंकरीला खोकतो, दुसरीला गाल फुगवतो, आणि तिसरीच्या वेळी म्हणतो, "उद्या या." उद्या परत चार मजले.

रमाकांत म्हणून एक जुने कामगार होते, कार्डिंगचेच. ते दरवर्षी भांडायचे.

"मीराबाई, तुमचा काटा गंजलाय. माझा दम एवढा कमी कसा?"

"काटा नवीन आहे. फुंका परत."

"आता जेवलोय."

"मग बसते मी. जिरू दे."

आणि त्या खरंच बसायच्या. अंदाजाने आकडा त्यांनी कधी लिहिला नाही. एका दारात माणूस आदल्या दिवशी वारला होता. तिथे त्यांनी रकाना रिकामा ठेवला आणि घरच्यांबरोबर तासभर बसून आल्या.

पहिला लेख छापायची वेळ आली तेव्हा डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवलं. म्हणाल्या, "लेखावर नावं कुठल्या क्रमाने घालायची यावर मोठमोठी माणसं भांडतात. आपण साधा नियम करू. ज्याने जास्त दारं चढली त्याचं नाव आधी."

दारं वहीत होती. मीराबाईंची तेराशे दहा, सेसिलियाची अकराशे बावीस, डॉक्टरबाईंची चारशे. लिहिणं, आकडेमोड, इंग्रजी सगळं डॉक्टरबाईंचं, पण नाव तिसरं. दोन वर्षं मीराबाई गुडघेदुखीने बऱ्याचदा घरी होत्या, त्या वर्षांच्या दोन लेखांवर सेसिलिया पहिली आली. त्यावरून तिने मीराबाईंना महिनाभर सतावलं. "काय मीरा, दोन नंबरला कसं वाटतंय?"

चौदा वर्षं करार दरवर्षी वाढत गेला. यंदा संस्थेने ठरवलं, डॉक्टरबाईंना कायम करायचं, नाहीतर मार्चअखेर करार संपवायचा. करार संपला की मोजणीही संपली. कायम व्हायला शंभरात पंच्याहत्तर गुण हवे होते. लेख किती, कुठे छापले, दुसऱ्यांनी आपल्या लेखात त्यांचा आधार किती वेळा घेतला, यावर ते गुण मिळायचे.

मीराबाई महिन्याचे तक्ते द्यायला कार्यालयात गेल्या तेव्हा कारकून विनीत संगणकावर हीच फाईल भरत होता.

"या, प्रोफेसर," तो म्हणाला.

"कोणाला म्हणतोस रे?"

"तुम्हाला, मावशी. हे बघा, तांबे एम. एस. तुमचा एच-इंडेक्स नऊ. आमच्या विभागप्रमुखांचा सात."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"म्हणजे तुमचे नऊ लेख असे आहेत, की त्यातला प्रत्येक लेख कमीत कमी नऊ जणांनी आधाराला घेतलाय. ब्राझील, तुर्कस्तान, कुठकुठले लोक आहेत."

"त्यांना लालबाग माहीत आहे?"

"तुम्ही माहीत आहात."

मीराबाई हसल्या. मग म्हणाल्या, "आणि डॉक्टरबाईंचा?"

विनीतचा आवाज खाली आला. "तसा त्यांचाही चांगला आहे. पण गुण देणारी समिती तसं धरत नाही. पहिलं नाव ज्याचं, लेख त्याचा. नाहीतर लेखाखाली पत्रव्यवहाराला ज्याचं नाव, त्याचा. आणि पत्रव्यवहाराला विभागप्रमुखांचं नाव घालायचं हा इथला नियम. चौदा वर्षांत पाच विभागप्रमुख येऊन गेले. तिसऱ्या नावाला थोडेसे गुण. सगळे मिळून अडुसष्ट होतात."

"बाकीचे सात?"

"ते तुमच्याकडे आहेत," विनीत म्हणाला. तो थट्टेने म्हणाला होता.

मीराबाईंनी तक्ते टेबलावर ठेवले आणि निघाल्या. चार दिवस त्यांच्या डोक्यात तेच होतं. आपण चढलेल्या पायऱ्या त्या बाईच्या आड आल्या. विचारावं तर डॉक्टरबाई म्हणणार, असू दे. म्हणून त्यांना विचारायचंच नाही असं त्यांनी ठरवलं आणि सेसिलियाला गाठलं. ती परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली होती, पाय चोळत.

"आपण दोघींनी लिहून देऊ," मीराबाई म्हणाल्या. "म्हणायचं, आम्ही फक्त पिशवी धरायचो. सगळं डॉक्टरबाईंनी केलं."

"मी नाय लिहिणार."

"अगं, त्यांची नोकरी जाईल."

"त्यांची जाईल म्हणून माझे गुडघे खोटे? तुला लिहायचं ते लिही. मला पिशवीवाली करू नको."

"तुला माया नाही."

"आहे. पण बावळट नाही मी. तू आधी त्यांना विचार तरी."

मीराबाईंनी विचारलं नाही. फुलस्केप कागद आणला, आतल्या खोलीत बसल्या आणि शाळेत काढायच्या त्या अक्षरात लिहिलं. 'मी फक्त मशीनची पिशवी धरली. मोजण्याचं सगळं काम डॉक्टरबाईंनी केलं. माझं नाव पुढे चुकून लागलं आहे. ते मागे घ्यावं ही विनंती.' खाली सही केली. संस्थेच्या आवकजावकला दिला, प्रतीवर शिक्का मारून घेतला. शिक्का नीट उठला नव्हता म्हणून पुन्हा मारायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न झालेली गोष्ट कागदावर लिहिली होती, आणि ती पोचलीच पाहिजे असं त्यांना वाटत होतं.

ती पोचली.

तीन आठवड्यांनी विनीतने त्यांना जिन्याखाली गाठलं. तो इकडेतिकडे बघत होता. "मावशी, काय करून बसलात हे? मॅडमनी सात गुणांची सूट मागितली होती. संचालकांनी तोंडी हो म्हटलं होतं. तेवढ्यात तुमचा कागद समितीपुढे आला."

"मग? त्यांनाच दिले ना लेख?"

"कोणालाच नाही दिले. पहिली लेखिका स्वतः सांगते की नाव चुकून लागलं. म्हणजे नावं खरी नाहीत. नऊच्या नऊ लेख गुणांतून काढले. उरलेले दोन आणि त्यांचे आधीचे लेख धरून एकतीस गुण झालेत आता. एकतीसवर सूट कोण देणार?"

मीराबाईंनी कठड्याला हात लावला. मग सरळ वर गेल्या. समितीच्या सचिवांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस वाईट नव्हता.

"साहेब, मी खोटं लिहिलं."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं सांगताय?"

"तेव्हा."

"दोन्ही वेळा तुम्हीच सांगताय, बाई. आम्ही कुठलं धरायचं?"

मीराबाईंनी सांगायला सुरुवात केली. कुठली चाळ, किती मजले, एका मजल्यावर खोल्या किती, कुठल्या जिन्याची कितवी पायरी तुटकी आहे. कोणाचा दम कुठल्या वर्षी किती आला. कोण बहिरा होता, कोणाला सुनेकडून सांगवून फुंकायला लावावं लागायचं. सचिवांनी पंधरा मिनिटं ऐकलं. मध्ये फोन वाजला तो उचलला नाही.

"हे सगळं तुम्ही केलंत यात मला शंका नाही," शेवटी ते म्हणाले. "पण समितीची बैठक होऊन गेली. आणि हे लिहायला माझ्या फॉर्मात जागा नाही."

"मग मागच्या कोऱ्या बाजूला लिहा."

"मागची बाजू कोणी वाचत नाही."

डॉक्टरबाई त्यांच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात वह्या भरत होत्या. वह्या संस्थेच्या गोदामात जमा करायच्या होत्या, नळ्याही. मीराबाई दारातच उभ्या राहिल्या.

"आत या. बसा."

"नको."

"मीराबाई, मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाही म्हटलं असतं." त्यांनी एक वही खोक्यात ठेवली, परत काढली, दुसऱ्या बाजूने ठेवली. "दुसरीकडे अर्ज केला की तिथेही हेच लेख दाखवायचे होते. आता विचारतील, नऊ लेख का काढले. मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हणा, बाई अडाणी होती."

"तसं नाही सांगता येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते खरं नाही." त्या रागावल्या असत्या तर मीराबाईंना बरं वाटलं असतं. पण त्यांनी चहा मागवला. दोघींनी तो उभ्याने घेतला आणि मीराबाईंनी वह्या भरायला हात लावला. चौदा वर्षांच्या एकशे बारा वह्या होत्या. वर्षवारीने लावून, सुतळीने बांधून, दुपारी चारपर्यंत काम उरकलं. डॉक्टरबाईंनी गाठी तपासल्या नाहीत. मीराबाईंनी बांधलेल्या गाठी तपासायची त्यांना सवय नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी लालबागच्या चाळीची पाळी होती. कोणी येणार नाही हे लोकांना कळवायला हवं होतं. पत्र पाठवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मीराबाई निघाल्या. सेसिलियाने खालचे दोन मजले घेतले, मीराबाईंनी वरचे दोन. चौथ्या मजल्यावर रमाकांत बनियनवर, दार उघडं टाकून बसले होते.

"या. आज जेवलो नाही मुद्दाम. आज बघा कसा काढतो आकडा."

"आज मोजायचं नाही, भाऊ. बंद झालं ते."

"बंद? का?"

"माझ्यामुळे."

रमाकांतनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मांडीवर थाप मारली. "तुमच्यामुळे? एवढी मोठी परळची संस्था, ती तुमच्यामुळे काम बंद करते? मग गिरण्या पण तुम्हीच बंद केल्या असतील!"

"खरं सांगते. मी एक कागद लिहून दिला."

"बाई, आम्ही संपाच्या वेळी हजार कागद लिहून दिले. कोणी वाचले नाहीत. तुमचा एक वाचला होय?"

"वाचला," मीराबाई म्हणाल्या.

ते हसतच होते. हसता हसता त्यांना उबळ आली आणि ती थांबेना. मीराबाईंनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि आत कोणी आहे का म्हणून हाक मारली.