गप्प जागेतली ओळ

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण त्यातली एकही कधी खरी मानली नाही. म्हणूनच हे लिहावं की नको, असं बरेच दिवस चाललं होतं...

मी गेवराईला कॉलेजात मराठी शिकवते. माहेर त्याच तालुक्यात, उमापूरला. काही वर्षांपूर्वी तिथल्या शाळेत एका संशोधन गटाने शिबिर भरवलं होतं. वयस्कर माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि कोण कुठे अडखळतं, शब्दासाठी किती थांबतं, यावरून अल्झायमरची अगदी सुरुवातीची खूण डीप लर्निंगने शोधायची. कॉम्प्युटर ते बोलणं लिहूनही काढायचा. पण आमची बोली त्याला झेपत नव्हती. 'हाय'चं 'आहे' करून टाकायचा. ते तपासायला मला बोलावलं होतं.

आईही हौसेने आली. गटातल्या मुलीने विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय?"

आईने पदर तोंडाला लावला. आमच्याकडे त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी मागून काकू म्हणाली, "घ्या की आक्का! म्हातारपणी कसली लाज?"

"मंग तू घे की तुझ्या म्हाताऱ्याचं!"

सगळ्या बायका खदखदून हसल्या.

दुपारी मी मजकूर तपासायला घेतला. आई गप्प होती त्या जागी एक ओळ होती —

"त्येंचं नाव आठवंना मला. लेकीला सांगू नगा."

थेट आईच्या बोलीत, एक अक्षर न बदललेली. मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. पंखा, कुणाच्या तरी बांगड्या... बस्स. कुणी बोललेलंच नव्हतं.

"मॅडम, शांतता असली की मॉडेल कधीकधी मनाचे शब्द घालतं," ती मुलगी म्हणाली.

आईच्या नावापुढे कॉम्प्युटरने धोक्याची खूणही केली होती. मी त्या मुलीला सांगितलं, नाव न घेणं ही रीत आहे, विसरणं नव्हे. तिला पटलं. तिने ती ओळ खोडली, आईचा नमुनाही वगळला.

घरी जाताना आईने विचारलं, "पास झाले का गं मी?"

"पहिल्या नंबरानं," मी म्हणाले.

पुढे दोन-तीन वर्षांनी अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले असताना आई माझ्या कानाशी आली. "ह्ये पाव्हणे कोन हायत गं?"

संभाजीनगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार बरा झाला नसता. पण लवकर कळलं असतं, तर तिच्याशी बोलता आलं असतं. काय हवं, काय नको, तिचं तिला ठरवता आलं असतं.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली.

तपासायला दिलेलं ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. नव्या मॉडेलांनाही देऊन पाहिलं — त्या जागी काहीच येत नाही. शांततेत यंत्र शब्द रचतं, हे मला मान्य आहे. पण नेमके हेच शब्द त्याला कुठून मिळाले? मला अजून कळलेलं नाही.

हल्ली मी त्याचा विचार कमी करते. शिबिरानंतरच्या मधल्या वर्षांचा जास्त करते. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला आम्ही तिच्यामागे लागायचो — आई, नाव घे, एकदा तरी घे! ती पदर तोंडाला लावायची, आणि आम्ही सगळ्या हसायचो.