जवारीची बीअर आणि शेऱ्याचा रकाना

माझ्या नाकाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणाची तक्रार नको. एकतीस वर्षं मी अमरावतीच्या बाजारात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होतो. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच मी सांगत असे की कापूस कोणत्या गावचा, किती ओला, आणि वेचणीच्या दिवशी त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं होतं की नाही. भांडणाच्या दिवशी वेचलेल्या कापसात पालापाचोळा जास्त असतो. हसू नका. एका शेतकऱ्याला मी हे तोंडावर सांगितलं, तर तो गाडी तशीच सोडून बायकोची समजूत काढायला घरी गेला. बैल दोन दिवस बाजारात उभे.

तर अशा नाकाला गेल्या उन्हाळ्यात अकोल्याहून बोलावणं आलं. फोन भाचीचा. ही माझ्या बहिणीची मुलगी. पुण्यात शिकली, तिथेच बीअर गाळायचं काम शिकली, आणि एक दिवस सगळं सोडून अकोल्याला परत आली. बाळापूर रस्त्यावर एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये त्या जिनिंगच्याच मालकानं छोटा बीअरचा कारखाना काढलाय, तिथे ही बनवणारी. आमच्या नातेवाइकांत ज्यांनी ज्यांनी यावर तोंड वाकडं केलं त्यांची यादी माझ्याकडे आहे. त्यातल्या किती जणांनी फुकटात चाखायला मिळते का म्हणून मला हळूच विचारलं, त्याचीही आहे. दोन्ही याद्या एकच आहेत.

"मामा, रविवारी चाखणी हाये," भाची म्हणाली. "पुण्याहून एक साहेब येऊन राहिले. चार बीअर हायेत. बारा जण पाचपैकी मार्क देतीन. जिले सगळ्यात कमी मार्क, तिचा नळ बंद. मालकानं पक्कं केलं."

"मंग?"

"मंग काय? त्यात माही जवारीची हाये ना!"

ते मला ठाऊक होतं. बाकी तीन बीअर कोणीही पुस्तकात पाहून बनवील. जवारीची मात्र तिनं दोन वर्षं खपून स्वतः उभी केली होती. जवारी भिजव, मोड आण, भाज, गाळ, फेकून दे, पुन्हा भिजव. तिच्यासाठी तर ती पुणं सोडून आली.

"येतो," मी म्हटलं. "पाचपैकी सात देतो."

"तेच नका करू. तुमी चाखा अन् खरं काय ते सांगजा. तुमच्या फेका नका मारू, मामा. हात जोडते."

मी सख्खा मामा. आणि मला असं!

आमची बायको दरवर्षी मोझरीच्या आश्रमात दारूबंदीची भजनं म्हणायला जाणारी. ती दारात उभी राहून म्हणाली, "भाची दारू बनवते अन् मामा मार्क द्यायले चालला. काय घराणं हाये, बाप्पा!"

"बीअर हाये ते. दारू नाई."

"हो का? मंग मोझरीले चला अन् तिथं हात वर करून सांगा."

अकोल्याची बस सुटायला वेळ होता, तरी मी घाईनं निघालो.

शेडमध्ये सकाळी अकराला आम्ही बारा जण बाकांवर बसलो. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक होते, ज्यांचा जन्म जवारीत गेला. रसवंतीवाला होता. बाळापूरकडचे चार शेतकरी, दोन व्यापारी, एक दाताची डॉक्टरीण आणि असेच इतर. पुण्याचे साहेब दाढी कोरलेले, अंगात सुताचा सदरा. तो पाहताच मी मनात धाग्याची लांबी लिहून टाकली. मध्यम. त्यांनी एकेक कागद वाटला. चार बीअर, प्रत्येकीसमोर एक ते पाच मार्क, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

"दोन घोटांच्या मध्ये साधा पाव खायचा," साहेब म्हणाले. "तिखट काहीही नको. पॅलेट म्हणजे जिभेची चव, तो स्वच्छ राहिला पाहिजे."

"फुटाणे तरी?" रसवंतीवाल्यानं विचारलं.

"नको."

"साहेब, हे चाखणी हाये की उपास?"

आता पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वऱ्हाडात ज्याला वस्तू घ्यायची असते तो तिला नावं ठेवतो. कापसाच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालील, किडक्या बोंडातली पिवळी कवडी काढून नाचवील, "हा कापूस हाये का गादीतला काढला?" म्हणील, आणि तासभर जागचा हलणार नाही. ज्याला घ्यायची नसते तो म्हणतो, "छान हाये," आणि पुढच्या गाडीकडे जातो. माझे सासरे मला पाहायला आले तेव्हा म्हणाले, "पोराची चाल बदकासारखी हाये, अन् बोलते त्यातलं निम्मं खोटं." त्याच संध्याकाळी सुपारी फुटली. मोठ्या मेव्हणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी चिवड्याची इतकी तारीफ केली की ते फाटकाबाहेर जायच्या आत सासूबाई रडायला बसल्या.

पहिल्या दोन बीअर आल्या. एक गव्हाची, एक काळी. लोकांनी चाखल्या, माना हलवल्या, मार्क दिले. तिसरी संत्र्याची. रंग असा की शाळेतल्या मुलानं रंगवावा. गोड. सगळ्यांनी घोट घेतला.

"छान हाये."

"छान."

"हो, छानच हाये."

पुण्याचे साहेब खूश. मालक त्याहून खूश, कारण संत्र्याची कल्पना त्याची. कागदावर चार, पाच, पाच, चार पडत गेले.

मग जवारीची आली. मातकट पिवळी, वर पातळ फेस. प्राध्यापक ग्लास उजेडात धरून ओरडले, "हे काय हाये, बाप्पा?"

"कडू हाये," रसवंतीवाला म्हणाला.

"कडू नाई, अर्धवट हाये. भाजताना घाई केली."

"जवारीच चुकली. हायब्रीड दिसते. गावरान घ्याले काय झालं होतं?"

"गावरानाचा मोड तुह्या बापानं आणला होता का कधी?"

"बापावर नको जाऊ लेका, जवारीवर बोल."

"बाई," प्राध्यापकांनी भाचीपुढे ग्लास धरला, "अजून जराशीक द्या. एवढ्याशात नावं नीट ठेवता येत नाईत."

दाताच्या डॉक्टरीणबाईंनीही ग्लास पुढे केला. शेतकरी तर बाकावरून उठून टाकीजवळ जाऊन भांडायला लागले. साहेब वर्गातल्या मास्तरासारखं टेबल वाजवत होते. "प्लीज, आपापसात बोलू नका, जागेवर बसून फक्त मार्क द्या." दिले लोकांनी. एक, दोन, दोन, एक. नावं ठेवून झाल्यावर पाच मार्क कोण देतो?

आणि मी? पहिला घोट ओठाला लागायच्या आधीच माझ्या नाकानं चोर पकडला होता. ओला बारदाना. पोत्याचा ताग भिजून आत मुरला की येतो तो वास. तो मी झोपेत ओळखतो. पण वर पाहिलं तर भाची टाकीजवळ उभी, कोरडा ग्लास पुसतेय. तोच ग्लास, पुन्हा पुन्हा. समोर एक-दोनचे आकडे पडताना तिला दिसत होते. माझा हात आपोआप चालला. मार्क पाच. शेरा: छान.

साहेबांनी बेरीज केली. संत्रं पहिलं, जवारी शेवटची. माझे पाच धरूनसुद्धा.

"चला," मालक उठला. "ठरलं ते ठरलं. जवारीचा नळ बंद."

भाचीनं पुसलेला ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

"वाईट वाटून घेऊ नका," साहेब तिला म्हणाले. "इथला पॅलेट अजून गोडावरच आहे. धान्याची बीअर समजायला या लोकांना वेळ लागेल."

या लोकांना! जी जीभ ठेचा खाऊन वर मिरचीचा देठ चोखते, जिनं तीन पिढ्या जवारी-उडदाच्या कळण्याची भाकर चव घेऊन खाल्ली, तिला हा पावाचा तुकडा चघळणारा माणूस जवारी शिकवणार? मी उभा राहिलो. लोक म्हणतात बाक पडला. बाक पडला नाही, तो स्वतःहून बाजूला झाला.

"साहेब, शेरे वाचा."

"शेरे मोजणीत धरत नाहीत."

"तुमच्याकडं नसतीन धरत. आमच्याकडं मार्क धरत नाईत." मी मालकाकडे वळलो. "तुमचे वडील अमरावतीले कापूस घ्यायले येत. मी पाहेलं हाये. दहा जण छान छान म्हणत गेले तर ते त्या गाडीकडं ढुंकून पाहत नसत. अन् जिथं पाच जण नावं ठेवत उभे, तिथं धावत जात. कावून? सांगा या साहेबाले."

मालकानं साहेबांच्या हातून कागद घेतले. संत्र्याचे शेरे त्यानं मोठ्यानं वाचले. छान. छान. कोरं. छान आहे. कोरं. मग जवारीचे. एक रकाना पुरला नव्हता, लोक समासात शिरले होते, समासातून मागच्या बाजूला. एकानं मोड किती दिवसांनी काढायचा ते लिहिलं होतं, दुसऱ्यानं त्याखाली "खोटं" म्हणून. एका शेतकऱ्यानं जवारी वाळवायच्या ओट्याचं चित्र काढून वारा कुठून येतो त्याचा बाण दाखवला होता. मालक आधी हसला, मग वाचता वाचता खाली बसला.

शेवटचा कागद माझा.

"पाच," त्यानं वाचलं. "छान."

भाचीनं ग्लास खाली ठेवला.

"मामा," ती म्हणाली. "तुमी बी?"

एकतीस वर्षांत माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं, त्या बायकोकडे गेलेल्या शेतकऱ्यानंसुद्धा नाही. मी आयुष्यात डोंगराएवढ्या थापा मारल्या, सगळ्या पचल्या. ही एक दोन अक्षरांची, ती तेवढी पकडली गेली.

"ओल्या बारदान्याचा वास येते," मी म्हणालो. "पहिल्याच घोटाले आला. तुह्या तोंडाकडं पाहून लिवलं नाई."

"बारदाना?" तिचे डोळे मोठे झाले. "मामा, पंधरा दिवस झाले मी तो वास शोधून राहिली! टाक्या धुतल्या, नळ्या बदलल्या, पाणी बदललं. अन् तुमी छान लिवता?"

ती धावतच कोठीकडे गेली. आम्ही सगळे मागे. जवारीची पोती भिंतीला लावून रचलेली, आणि भिंतीपलीकडे कूलर. कूलरचं पाणी झिरपून खालची थप्पी भिजली होती. वरून सगळं कोरडं. प्राध्यापकांनी खालच्या पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. निवृत्तीनंतर मला मिळालेला हा एकमेव सलाम, आणि तो मी शरमेनं खाली मान घालून घेतला.

मालक साहेबांना म्हणाला, "साहेब, तुमची बेरीज बराबर हाये. पण जवारीचा नळ मी आज बंद नाई करत. कोरड्या जवारीची एक खेप होऊ द्या, मंग याच बारा जणाईले बोलावतो."

साहेब सभ्य माणूस. जाताना सगळ्यांशी हात मिळवत म्हणाले, "अकोला छान आहे. माणसं छान आहेत." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. साहेब परत येत नाहीत, हे तिथेच कळलं.

दीड महिन्यानं पुन्हा गेलो. बायकोला सांगून, छाती काढून. तीही मागून म्हणाली, "पोरीले खोटं नका बोलजा या वेळी." पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. बाराच्या जागी सतरा जण आले होते, आणि त्यातले चौघं फुटाणे घेऊन. भाचीनं पहिला ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि हातात वही घेऊन उभी राहिली. मालक तिच्या मागे.

मी वास घेतला. कोरड्या जवारीचा, भाजलेल्या कणसाचा. घोट घेतला. डोळे मिटले.

"फेस लवकर बसते," मी म्हटलं. "अन् शेवटी जिभेवर काहीतरी राहून जाते. राख हाये का साल हाये, कळत नाई."

भाचीनं लिहून घेतलं. चेहरा गंभीर, पण कान लाल झाले होते.

"अजून, मामा?"

"अजून बहुत हाये. ग्लास भर, सांगतो."