गडग्यावरचा फोन

शेजारचे काका फोन कानाला लावत नाहीत. त्यातल्या लहरी डोक्यात शिरतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलंय आणि पक्कं धरलंय. फोन वाजला की ते तो आमच्या दोन अंगणांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावर ठेवतात, स्पीकर चालू करतात आणि सुतळी पुरेल तितकं मागे सरून बोलतात. सुतळी चोरांसाठी. वासरू दाव्याला बांधावं तसा फोन बांधलेला, दुसरं टोक काकांच्या मनगटाला.

त्यामुळे त्यांच्या घरचं सगळं आम्हाला ठाऊक. त्यांची विहीण "आंबे कधी पाठवताय?" म्हणून विचारते, तेव्हा माझी बायकोच स्वयंपाकघरातून ओरडते, "अजून कच्चे आहेत ओ!" काकांना त्याचं काही वाटत नाही. चुकून कधी फोन कानाला लागलाच, तर मात्र आत शिरलेल्या लहरी निघाव्यात म्हणून ते लगेच कानाला खोबरेल चोळतात.

परवा पनवेलहून नातीचा फोन आला.

"बोल गो बाय," काका लांबूनच ओरडले.

"आजोबा, स्पीकर बंद करा ना. फक्त तुम्हालाच सांगायचंय."

काकांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सुतळी गुंडाळत पुढे गेले, फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला घट्ट दाबून धरला. बराच वेळ नुसतंच "हां, हां" चाललं होतं. चेहरा फुलत गेला.

बोलणं संपलं तशा काकू सवयीने खोबरेलाची बाटली घेऊन बाहेर आल्या. काकांनी हातानेच थांबवलं.

"नको," म्हणाले, "आत गेलंय ते राहूंदे जरा."