कापसावर शिकलेलं पडणं

यवतमाळच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा मी चिडलेली होते. ट्रॅव्हल्सवाल्याने खिडकीची जागा सांगून शेवटची दिली होती आणि तिची पाठ मागे जात नव्हती, पण ते मी सोसलं असतं. खरा राग प्रणालीवर होता.

मी विद्यापीठात समकालीन नृत्यात एम.ए. करते आहे. वय सत्तेचाळीस, वर्गात सर्वांत मोठी. प्रगत तंत्राची प्रात्यक्षिक परीक्षा जोडीने द्यायची असते आणि जोडीदार ऐनवेळी बदलता येत नाही. दुसऱ्याचं वजन घ्यायला आणि आपलं त्याच्यावर सोडायला शिकण्यातच सबंध सत्र जातं. माझी जोडीदार प्रणाली, वय बावीस, दिवाळीला गावी गेली ती परतलीच नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात. फोनवर दर वेळी एकच उत्तर, "कापूस गेला की येतो ताई." ती आली नाही तर दोघींचं वर्ष वाया. म्हणून मीच निघाले.

दिग्रसच्या एसटीत शेजारच्या बाईंनी चौकशी सुरू केली.

"लग्नाले चालल्या का?"

"नाही. नाचाची तालीम आहे."

"नाचाची पार्टी हाये का तुमची?"

मी विद्यापीठ, पदवी वगैरे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग नोकरी लागते का त्याच्यानं?"

"नाही."

त्यांनी पिशवीतून मूठभर बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. सांत्वनच होतं ते. बोरं गोड होती.

दिग्रसच्या बाहेर जिनिंगसमोर (सरकी काढायचा कारखाना) भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने उभ्या होत्या. ताडपत्र्या बांधलेल्या, ट्रॅक्टरखाली माणसं आडवी. काहीच पुढे सरकत नव्हतं. पुढचा रस्ता काळी-पिवळीने (प्रवासी जीप) कापला. मी दोन बायकांच्या मध्ये अशी बसले होते की वजन सोडण्याचा सराव आपोआप झाला.

प्रणालीच्या घराचं पुढचं दार उघडत नव्हतं. आतून कापूस दाबत होता. मागून गोठ्याकडून शिरले. बैठकीच्या खोलीत पांढरी गंजी जवळजवळ आढ्यापर्यंत गेली होती. फक्त भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर खळगा राखला होता. बाकीचं घर स्वयंपाकघरात आणि पडवीत राहत होतं.

"जय भीम, मॅडम. बसा न जी," प्रणालीचे वडील सुखदेवभाऊ म्हणाले आणि कुठे बसवावं ते शोधू लागले.

"भाऊ, हिला का अडकवलंय?"

"अडकवतो कायले? भाव नाही म्हणून भरून ठेवला. आता खरेदी केंद्रावरून फोन आला का त्याच दिवशी ट्रॉली न्या लागते. भराले हात पाह्यजे. मजूर सारे येचनीले."

"फोन कधी येणार?"

"येईन."

जेवायला पातोड्या होत्या (बेसनाच्या वड्या, तिखट रश्शात) आणि ज्वारीची भाकर. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. प्रणालीची आई म्हणाली, "एरवी तिखट टाकतो मी. तुमच्यासाठी फिक्की केली." इकडे बायकाही 'मी टाकतो, मी जातो' असं बोलतात, प्रणालीसुद्धा, वर्गात तिची त्यावरून थट्टा व्हायची.

"सराव तरी करतेस का?" मी तिला विचारलं.

"रोज करतो. पडायचा तं लईच."

"कुठे?"

तिने गंजीकडे बोट दाखवलं. उतारावर अर्ध्यापर्यंत चढली आणि उभ्याची आडवी, पाठीवर पडली. कापसाने तिला झेललं, आवाजसुद्धा नाही. चेहरा असा की मी शाबासकी द्यावी.

मी तिला अंगणात नेलं आणि आमच्या रचनेतलं तेच पडणं करायला लावलं. त्यात आधी घोटा सैल सोडायचा, मग गुडघा, मग कंबर, आणि श्वास सोडत जमिनीला टप्प्याटप्प्याने भेटायचं. मी फक्त आधार देते. प्रणालीने काहीच सोडलं नाही, किंवा सगळं एकदम सोडलं. ती पोत्यासारखी आली. तिचा खुबा आपटला, माझं मनगट मुरगळलं.

"सत्रभर शिकलेलं दिवाळीपासून घालवलंस," मी म्हणाले.

"जागाच नाही ना ताई घरात. अंगणात केलं तं सारं गाव पाहाले येते."

ते खरं होतं. तेव्हाही कुंपणापाशी तीन म्हाताऱ्या उभ्या होत्या. "या वयात आपटाआपटी कायले करता व बाई?" एकीने विचारलं. मी मनगट चोळत आत गेले. त्यात रात्री त्या गंजीशेजारी झोपल्यामुळे सकाळी अंगभर खाज. साठवलेल्या कापसाने ती उठते. प्रणालीच्या आईने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. ती चुलीशेजारीच ठेवलेली असते, मिठासारखी.

त्याच सकाळी केंद्रावरून फोन आला. आम्ही सगळ्यांनी ट्रॉली भरली, मीही भरली, चिडचिड करत. सुखदेवभाऊ ट्रॅक्टरवर बसून गेले आणि खोली रिकामी झाली. खाली सारवलेली, टणक, मोठी जमीन होती. मी झाडून घेतली, पुढचं दार उघडलं आणि प्रणालीला म्हणाले, "चल."

दुपारभर ती पडत राहिली. घोटा, गुडघा, कंबर. अंग अजून खाली मऊ असेल या भरवशावरच यायचं. मी ओरडले, तिने ऐकलं, पुन्हा आपटली. मग हळूहळू एखादं पडणं नीट येऊ लागलं. ऊन कलताना आम्ही सगळी रचना सुरुवातीपासून घेतली.

मध्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉली भरलेलीच परत आली होती. ओलावा जास्त आहे म्हणून केंद्राने कापूस घेतला नव्हता. प्रणालीची आई टोपली घेऊन उठली.

"थांब व, संपू दे त्याइचं," सुखदेवभाऊ दारातून म्हणाले. ते उंबऱ्यावर बसले, चपला न काढता.

आम्ही संपवलं. शेवटचं पडणं तिने जवळजवळ साधलं होतं, तरी खुबा वाजलाच.

"पोट्टी (मुलगी) पडते तवा एवढा आवाज काहून येते?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या कापसावर पडायला शिकली म्हणून."

त्यांनी सारवलेल्या जमिनीवर तळहात आपटून पाहिला. मग प्रणालीकडे वळले. "पिशवी भर तुही. हा कापूस काही आता हालत नाही."

"बाबा, भराले हात..."

"भरून घेतो आम्ही. तू राह्यली तं हा तुले पार मऊ करून टाकीन."

तरी गंजी पुन्हा रचेपर्यंत आम्ही थांबलोच. सकाळी निघताना पुढचं दार बंद झालेलं होतं, आम्ही गोठ्याकडून बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये प्रणाली माझ्या खांद्यावर झोपली आणि तिने सगळं वजन सोडून दिलं. तालमीत एवढं कधी सोडत नाही. मनगट दुखत होतं म्हणून तिला उठवून दुसऱ्या बाजूला बसवलं.

परीक्षेत दोघी पास झालो. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा शेरा होता की शेवटचं पडणं गरजेपेक्षा मोठ्याने होतं. प्रणालीने घरी फोन लावला, तेव्हा मी शेजारी होते. निकाल ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "खोली?" आणि पलीकडचं ऐकून मला म्हणाली, "अजून भरलेलीच हाये."

आता उन्हाळ्यात ती पुन्हा घरी जाईल. तेव्हा तरी ती जमीन मोकळी असावी असं मला फार वाटतं. पुढच्या सत्रातही माझी जोडीदार तीच आहे.