भूपालच्या बंदुकीतलं वॉशर

श्रावणातल्या एका सकाळी शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात शिलाई मशीन उघडून बसलो होतो, तेव्हा भूपालच्या मुलाचा फोन आला. "काका, पप्पा गेले..." एवढंच बोलला. मी "बरं" म्हणालो. बरं! चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेल्यावर माणसानं काय म्हणावं हे मला अजून उमगलेलं नाही, पण "बरं" नक्कीच म्हणू नये. हातातला स्क्रू तेव्हा कुठं पडला, तो काही सापडला नाही.

भूपाल हातकणंगल्याजवळचा, जैन घरातला, उसाचा शेतकरी. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो आणि नापासही एकाच विषयात झालो. पुढं त्यानं शेती धरली, मी मशीनदुरुस्ती. रविवार तेवढा दोघांचा राहिला, तो एका छऱ्याच्या बंदुकीमुळं. गावातले निवृत्त पोस्टमास्तर मुलाकडं कायमचे राहायला जाताना ती त्याला देऊन गेले होते. विलायती, जुन्या घडणीची, नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, आतली स्प्रिंग ताणायची. कंपनीच्या नावातली दोनच अक्षरं शाबूत होती. जैनाच्या घरात बंदूक कशाला, म्हणून त्याच्या आईनं दोन दिवस अबोला धरला. जिवावर कधी रोखणार नाही, असा भूपालनं तिला शब्द दिला आणि तो असा पाळला की मला वैताग यायचा. जुन्या लग्नपत्रिकांवर गोल काढून त्या मातीच्या बांधाला लावायच्या, मी नेम धरायचा, आणि नेमका तेव्हाच बांधावर एखादा होला उतरायचा. "थांब. पावणं आलंय," भूपाल म्हणायचा. मग पावणं उडून जाईपर्यंत आम्ही शेंगा खात बसायचो.

सुरुवातीला बंदूक अगदीच मरगळलेली होती. छर्रा पत्रिकेवर आपटून खाली पडायचा. मी ती दुकानात आणून खोलली. आतला सगळा कारभार सायकलच्या पंपासारखा. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढं धावतो, हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला ढकलते. पिस्टनच्या तोंडावरचं वॉशर ही हवा धरून ठेवतं. ते सुकून खारकेसारखं झालं होतं. आणि ते चामड्याचं होतं.

भूपालच्या कमरेला चामड्याचा पट्टा नव्हता, पाकीट कापडी, पायात कॅनव्हासचे बूट. दुसऱ्याला मात्र त्यानं कधी उपदेश केला नाही. माझ्या चपलांची करकर ऐकली की "आला बघा बँडबाजा" एवढंच म्हणायचा. मी काय केलं? ओळखीच्या चप्पलवाल्याकडून म्हशीच्या कातड्याची चकती कापून घेतली, तेलात भिजवून वाटीसारखी दाबली, बसवली आणि भूपालला सांगितलं, "वॉशर बदललं." खोटं नव्हतं ते. पण खरं सांगितलं तर हा बंदूक गुंडाळून ठेवेल आणि माझे रविवार जातील, याची भीती वाटली. स्वार्थ होता, दुसरं काही नाही.

असं वॉशर मऊ राहायला आठवड्याला दोन थेंब तेल लागतं. ते काम भूपालनं हौसेनं स्वतःकडं घेतलं. बंदूक उभी धरायची, नळी मोडायची, भोकात दोन थेंब सोडायचे आणि म्हणायचं, "पी बाई, पी." वीस-बावीस वर्षं तो स्वतःच्या हातानं चामड्याला तेल पाजत होता आणि मी शेजारी बसून शेंगा फोडत होतो.

मग एके दिवशी मोबाईलवर त्याला अगदी तशीच बंदूक खोलणारा कुणीतरी दिसला. बंदूक घेऊन तो दुकानात आला. बसला नाही.

"त्यात चामडं हाय व्हय रं?"

"हाय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"चामड्याचं ऱ्हाऊ दे, मारुती. एवढी वरसं मी तेल घालत हुतो आनि तू बघत हुतास की!" बंदूक टेबलावर ठेवून तो गेला.

त्यानंतर सहा-सात महिने आला नाही. दरवर्षी पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी, सकाळी सातला त्याचा फोन यायचा, "मारुती, उत्तम क्षमा." वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफ कर, असा त्याचा अर्थ. मी दरवेळी हसण्यावारी न्यायचो, "कशाची क्षमा लेका, शेंगा घेऊन ये." त्या वर्षी फोन आला नाही. मी नऊ वाजेपर्यंत चहा न घेता फोनसमोर बसलो. सगळ्या जगाची माफी मागणारा माणूस मला वगळून गेला, हे फार लागलं... आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक खोलली. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या टर्नरकडून पिस्टनला नवं तोंड करून घेतलं आणि त्यावर बसणारं चिवट प्लॅस्टिकचं सील. पहिलं सील इतकं घट्ट झालं की पिस्टन सिलिंडरात जाईना. दुसरं आत सरकवताना सिलिंडरच्या खाचेच्या धारेवर कापलं गेलं. जन्मभर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला ही धार दिसू नये! मग काठीला पॉलिश पेपर गुंडाळून ती धार मारली, सिलिंडर आतून गुळगुळीत केला आणि बोटभर काळं ग्रीस लावून तिसरं सील बसवलं.

बंदूक घेऊन शेतावर गेलो. भूपाल उसाला पाणी पाजत होता. मी म्हणालो, "उत्तम क्षमा."

"दिस गेला की त्येचा."

"दुरुस्तीचं काम कवा येळेवर हुतंय?"

तो हसला नाही. मी एका डबीचं झाकण पुढं केलं. त्यात दोन जुनी वॉशर होती. "दोन?" त्यानं विचारलं. "नळीच्या सांध्यात एक बारकं हुतं. ते तुला ठावं न्हवतं. म्हणून सांगतोय." त्यानं दोन्ही उचलली, नारळाच्या बुडाशी खड्डा करून पुरली आणि कुठल्याशा अनोळखी म्हशीला हात जोडले. मग बंदूक घेतली. पूर्वी ती धप्प वाजायची, आता टक्क वाजली. पत्रिकेला आरपार भोक. "शेंगा हाईत, बस," तो म्हणाला.

रविवार परत सुरू झाले, क्षमावाणीचा फोनही. पण माफ केलं असं तो स्पष्ट कधी बोलला नाही. उलट मी काहीही दिलं की विचारायचा, "यात काय हाय?" माझ्या बायकोच्या चहालासुद्धा त्यानं सोडलं नाही. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण आत कुठंतरी खुपायचं, की हा थट्टा करतोय की अजून विसरला नाही...

शेवटचे भेटलो ते दवाखान्यात. नर्सनं औषधं पुढं केली, त्यात एक कॅप्सूल होती. बारीक आवाजात त्यानं मला विचारलं, "यात काय हाय?" औषध हाय, घे गप, असं अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं, की हिचं टरफल बहुतेक जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. डॉक्टरांना विचारलं, तर तेच औषध गोळीत मिळालं. गोळी गिळून भूपाल म्हणाला, "शिकलास की रं." आमचं शेवटचं बोलणं ते.

तो गेल्यावर काही दिवसांनी वहिनी, भूपालच्या पत्नी, बंदूक माझ्या घरी ठेवून गेल्या. भूपाल तसं सांगून गेला होता म्हणे. नव्या सीलला तेल लागत नाही, हे मलाच सगळ्यात जास्त ठाऊक. तरी रविवारी हात तेलाच्या बुधलीकडं जातो.

परवा क्षमावाणी झाली, नेमकी रविवारी; सवयीनं बुधली हातात घेतली होती. सकाळी सातला फोन वाजला आणि त्यावर भूपालचं नाव. फोन उचलला. पलीकडं वहिनी होत्या. "भावजी, उत्तम क्षमा. त्यांच्या वहीत फोन करायच्या माणसांची यादी हाय. दर सालाची वेगळी, फोन झाला की नावाफुडं खूण करायचं. पयलं नाव तुमचंच." मग म्हणाल्या, "तुमचं बोलणं न्हवतं, त्या सालाची बी यादी हाय. पयलं नाव तुमचंच हाय, पर फुडं खूण न्हाय. खालच्या एकाम्होरं बी न्हाय. दिसभर फोन हातात घिऊन बसलं हुतं. म्या म्हटलं, बाकीच्यांस्नी तरी करा. तर म्हणालं, पयलाच जमंना, खालच्यांस्नी कुठल्या तोंडानं करू?"

बुधली हातातच होती. यंदा 'कशाची क्षमा' म्हणालो नाही.

"उत्तम क्षमा, वहिनी," मी म्हणालो. "त्या सालाच्या यादीत माझ्या नावापुढं खूण करा... आणि आता खालचे फोन लावा."