पापा शाँते

इटियाडोहच्या कालव्याखाली धानाची बांधी असलेल्या धुरपताबाईंचा एकुलता मुलगा ओमेश फ्रान्सला नोकरीला गेला, तिथेच क्लेर नावाच्या मुलीशी लग्न करून राहिला. मुलगी झाली, तिचं नाव आजीनं ठेवलं, खुशी. दर रविवारी फोनवर आजी-नातीच्या गप्पा व्हायच्या. खुशीला फ्रेंचच यायचं, इकडचं तिकडं समजावून सांगायला मध्ये ओमेश असायचा.

मागच्या वर्षी ओमेश तिकडे रस्त्यावरच्या अपघातात गेला. धुरपताबाईंनी लेकाची माती फोनच्या पडद्यावर पाहिली. त्यानंतर रविवारी फोन यायचा, पण दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या.

शेजारची मंजू नागपूरला फ्रेंच शिकून आली होती. धुरपताबाई तिच्या ओसरीवर जाऊन बसल्या. "मले शिकव व माय. नातीसंग बोलाचं आहे."

मंजूनं 'गाते' पासून सुरुवात केली. "शाँत. एकाच झटक्यात म्हणा मावशी. लिहिताना शेवटी अक्षर आहे, पण ते बोलायचं नाही. मी, तू, तो, ते सारे, लिहिताना वेगळं, कानाले एकच. शाँत."

"गाते म्हणजे शांत? उलटीच भाषा दिसते!" कित्येक महिन्यांनी त्या हसल्या.

रोवणीच्या बायांमध्ये वाकून चिखलात रोप खोचतानाही त्या पुटपुटत राहायच्या.

रविवारी मंजूला शेजारी बसवून त्यांनी फोन घेतला. "खुशी शाँत?"

खुशीचे डोळे चमकले. तिनं गायला सुरुवात केली, आणि धुरपताबाईंनी तोंडाला पदर लावला. ओमेशला झोपवताना त्या म्हणायच्या, तेच गाणं! मोडकंतोडकं, पण तेच.

गाणं संपल्यावर खुशी म्हणाली, "पापा शाँते."

"शाँते नाही व. शाँत."

खुशीनं मान हलवली. आजीला नीट समजावं म्हणून तिनं शब्दाचे दोन तुकडे केले. "शाँ-ते. पापा शाँ-ते."

"मंजू, पोरगी चुकून राहिली ना?"

मंजूला वर बघवेना. "नाही मावशी. शाँत म्हणजे गाते. शाँते म्हणजे... गात होता. आधी."

गावात कोणी विचारलं तर "माझा ओमेश तिकडं राहते," असंच धुरपताबाई अजूनही सांगायच्या.

पुढच्या रविवारी फोन वाजत राहिला. मंजू धावत आली. "कायले उचलत नाही, मावशी?"

"उचलीन, अन् थे पोरगी पुन्हा तसंच म्हणंल."

"लेकरू वाट पाहून राहिलं असंल."

"मालूम आहे मले," धुरपताबाई म्हणाल्या. फोन वाजून वाजून थांबला.

आता कधीतरी त्या उचलतात. खुशी बोलते, त्या ऐकतात. मंजूच्या ओसरीवर मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत.